स्वमग्न मूल प्रौढ होते तेव्हा

स्वमग्नता हा शब्द आता वाचकांस अपरिचित राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने इ. स. २००७ च्या अखेरीस ठराव केल्यापासून दरवर्षी २ एप्रिल हा दिवस जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून लेख येतात, शाळांतून व्याख्याने होतात, मोठमोठ्या इमारतींवर निळे दिवे लागतात. या साऱ्यात चित्र मात्र बहुधा एकच असते : खेळण्यांची रांग लावीत बसलेले चार-पाच वर्षांचे मूल. ते मूल पुढे पंचविशीचे होते, चाळिशीचे होते, त्याच्या दाढीचे केस पिकू लागतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. स्वमग्नता ही आयुष्यभराची अवस्था आहे. म्हणून तिच्यासंबंधीच्या आपल्या योजना प्रौढ माणूस डोळ्यांपुढे ठेवून आखावयास हव्यात, आणि त्या त्याचे आईबाप हयात असतानाच आखावयास हव्यात, असे आमचे मत आहे. ते येथे मांडावयाचे योजिले आहे.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मेंदूची घडण अगदी आरंभापासूनच निराळ्या रीतीने होत गेल्यामुळे ती उद्भवते. समोरच्याच्या मुद्रेवरून व आवाजाच्या चढउतारावरून त्याच्या मनातले ओळखणे, संभाषणात आपली पाळी केव्हा आली हे उमगणे, अशा गोष्टी इतर मुले न शिकविता शिकतात. या व्यक्तींस त्या तितक्या सहजपणे साधत नाहीत. ठराविक क्रम, ठराविक वस्तू, ठराविक विषय यांची त्यांस तीव्र ओढ असते. आवाज, प्रकाश, स्पर्श व वास यांची जाणीव पुष्कळदा फार तीक्ष्ण, तर कधी फार मंद असते. कुकरची शिट्टी, वरातीतला बँड, दिवाळीचे फटाके हे आवाज आपणांस क्षणभर नकोसे वाटतात. त्यांस ते असह्य होतात. मग तो मनुष्य कान झाकून घेतो, किंचाळतो, किंवा तेथून पळ काढतो. आणि पाहणारे म्हणतात की, याला वळण नाही. या अवस्थेच्या छटाही अनेक आहेत. काहींस जन्मभर बोलता येत नाही व आंघोळीपासून जेवणापर्यंत दुसऱ्याचे साहाय्य लागते. काही पदव्या घेतात, संशोधन करतात, आणि आपण स्वमग्न आहो हे त्यांस चाळिशी उलटल्यावर समजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. तेच प्रमाण धरले तर एकशे चाळीस कोटींच्या आपल्या देशात अशा व्यक्तींची संख्या एक कोटीच्या वर जाते, व मुलांची संख्या तिच्यातून वजा घातली तरी प्रौढांची संख्या लक्षावधींची उरते.

नावाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी इ. स. १९११ च्या सुमारास छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचे वर्णन करताना 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' ही संज्ञा प्रचारात आणली. पुढे ती या अगदी निराळ्या अवस्थेस चिकटली. मराठीत स्वमग्नता, हिंदीत स्वलीनता, आणि आपल्या एका कायद्याच्या हिंदी पाठात तर स्वपरायणता ! हे शब्द ऐकून समाधी लावून बसलेला योगी किंवा स्वतःपुरते पाहणारा आप्पलपोट्या डोळ्यांपुढे उभा राहिला तर त्यात नवल नाही. वस्तुतः यांतील पुष्कळांस माणसांची ओढ असते. जवळ येण्याची वाट त्यांस सापडत नाही. शब्द रूढ झाला आहे म्हणून आम्हीही तोच वापरीत आहो, इतकेच.

कारणांविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. पण एका अन्यायाचा उल्लेख केलाच पाहिजे. गेल्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य देशांत असे समजत की, आईच्या मायेत ओलावा नसला म्हणजे मूल स्वमग्न होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली या मताचा पुरस्कार करणारा मोठा ग्रंथही लिहिला. तत्पूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते) ही अवस्था शरीरातून, मज्जासंस्थेतून उद्भवते असे साधार प्रतिपादिले होते. पुढे सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ साली २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गर्भबीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. निराळ्या गर्भबीजांपासून झालेल्या १० जोड्यांत एकही तशी आढळली नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिकच दृढ केले. लशीमुळे स्वमग्नता येते हा १९९८ साली पसरलेला समजही खोटा ठरला. तो ज्या निबंधातून निघाला तो निबंध नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. इतके होऊनही आपल्याकडे सासरमाहेरची माणसे मुलाच्या आईलाच जाब विचारतात : गरोदरपणी काय खाल्लेस, ग्रहणात बाहेर का गेलीस, नोकरी का सोडली नाहीस. या प्रश्नांना शास्त्राचा काडीचाही आधार नाही, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील पालकांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्वमग्न मुलाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे सर्वांत जुने व आमच्या मते सर्वांत बोधप्रद उत्तर अमेरिकेतील एका वृत्तांतात सापडते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा पाया या निबंधाने घातला असे सामान्यतः मानले जाते. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेव्हा यांनी अशाच मुलांची वर्णने त्याच्या कितीतरी वर्षे आधी केली होती, हे मात्र विसरू नये. कॅनरांच्या निबंधातील पहिले मूल म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याच्या वडिलांनी कॅनरांस मुलाचा सारा इतिहास ३३ टंकलिखित पृष्ठांच्या पत्रातून कळविला होता. तीन-चार वर्षांचा असताना वैद्यकीय सल्ल्यावरून डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. तेथे तो कोमेजला, आणि संस्थाचालकांचा विरोध असतानाही आईबापांनी त्याला घरी आणले.

पुढे १९४२ साली त्याला गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याच्या हवाली करण्यात आले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तेथे गेले, आणि त्यांनी जे पाहिले ते मुळातूनच जाणून घेण्याजोगे आहे. मुलाला मोजमापाचा नाद होता. शेतकऱ्याने त्याला विहीर खणावयास लावले आणि ती किती खोल गेली हे सांगण्याचे काम दिले. तो मेलेली पाखरे व किडे गोळा करीत असे. त्यांच्यासाठी एक कोपरा दफनभूमी म्हणून नेमून दिला, व प्रत्येकावर नावाची पाटी लावावयास सांगितले. मुलाने प्रत्येक प्राण्यास नाव दिले, मधले नाव त्याच्या जातीचे घातले, आणि आडनाव म्हणून शेतकऱ्याचे आडनाव लिहिले ! मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजीत असे; म्हणून नांगर धरूनच त्या मोजावयास लाविले. कॅनरांच्या डोळ्यांदेखत त्याने सहा लांब तासे नांगरली, आणि घोडा मोठ्या कौशल्याने वळविला. जवळच्या खेड्यातील शाळेनेही त्याच्या लकबी खपवून घेतल्या. या शेतकरी दांपत्याने मानसशास्त्राचा ग्रंथ उघडलेला नव्हता. मुलाचा नाद मोडून काढावयाचा नाही, त्याला काम लावून द्यावयाचे, एवढे व्यवहारज्ञान त्यांच्याजवळ होते.

डोनाल्ड पदवीधर झाला, आपल्या गावच्या बँकेत कारकून म्हणून लागला, मोटार चालवावयास शिकला, गोल्फ खेळू लागला, एकट्याने देशोदेशी हिंडला. त्याच्या विचित्र सवयी अखेरपर्यंत गेल्या नाहीत, आणि गावाने त्या जाव्यात असा आग्रहही धरला नाही. २०२३ साली ८९ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. आता कोणी म्हणेल की, घर सुखवस्तू होते, बँक आजोळच्या माणसांची होती, मग यात विशेष ते काय ? आक्षेप खरा आहे. पैसा नसता तर बँकेतली खुर्ची मिळाली नसती. परंतु नांगर, विहीर आणि खेड्यातील शाळा या गोष्टी श्रीमंतीच्या नव्हत, हेही तितकेच खरे.

त्या अकरा जणांचे पुढे काय झाले याचा शोध कॅनरांनी १९७१ साली पुन्हा घेतला. डोनाल्ड आणि आणखी एकजण नोकरी करून नीट राहत होते. हा दुसरा एका कचेरीत प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करी व वरिष्ठ त्याच्या कामावर खूष होते. ज्या मुलांची रवानगी सरकारी रुग्णालयांत झाली होती, त्यांचा लहानपणी दिसलेला चमकदारपणा मावळून गेला होता. तशा ठिकाणी भरती होणे म्हणजे जन्मठेपच, अशा आशयाचा निष्कर्ष खुद्द कॅनरांनी काढला. अकरा मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि या मुलांच्या क्षमता आरंभापासून समान होत्या असेही नाही. तथापि माणूस कोठे व कोणात राहतो यावर त्याच्या आयुष्याचा केवढा भाग अवलंबून असतो, हे या वृत्तांताने दाखविले. आमच्या मते, इतक्या वर्षांनंतरही ती गोष्ट आपल्या धोरणांत पुरती उतरलेली नाही.

आपल्या देशाची स्थिती काय आहे ? अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली जो कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०११ च्या जनगणनेत तिच्यासाठी निराळा रकाना नव्हता. दिल्लीत मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या मातेने १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली. अशा पालकांच्या धडपडीतूनच या विषयाला देशात वाचा फुटली. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला व त्यात स्वमग्नता प्रथमच नावानिशी आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिचा समावेश केला, आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार व बहुविध दिव्यांगत्व या सर्वांस मिळून दिला. कायद्याचे शब्द चांगले आहेत. परंतु स्वमग्न मुलगा अठरा वर्षांचा होतो त्या दिवशी घरात काय घडते ते पाहावे. शाळेचे दार बंद होते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि मोठ्यांच्या डॉक्टरांपैकी कितीकांनी स्वमग्न प्रौढ तपासलेला असतो? कायद्याच्या दृष्टीने आईबाप त्या दिवशी त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. पालकत्व हवे असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ही तरतूद आपल्या जिल्ह्यात आहे, हेच असंख्य कुटुंबांस ठाऊक नसते.

शिवाय दोन कायद्यांच्या दृष्टीत अंतर आहे. १९९९ च्या कायद्याचा पालक हा प्रौढाच्या शरीराचा व मालमत्तेचा सांभाळ करणारा आहे. २०१६ च्या कायद्याची भूमिका अशी की, दिव्यांग मनुष्यास इतरांइतकीच कायदेशीर पात्रता आहे, आणि पालक नेमावा लागलाच तर तो मर्यादित असावा. परस्पर विश्वासाने, दोघांनी मिळून निर्णय घ्यावेत. भारताने २००७ साली मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराशी ही दुसरी भूमिका सुसंगत आहे, आणि आम्हांस तीच योग्य वाटते. ज्या प्रौढास आपली आवड बोटाने दाखविता येते, त्याला आपल्या खोलीचा रंग व जेवणातली भाजी यांविषयी मत आहे. मग ते विचारले का जाऊ नये? मात्र बँकेचा अधिकारी जोवर सहीचा एकच नमुना मागतो, तोवर आईबापांनी जुन्या कायद्याचा आश्रय घेतला तर त्यांस दोष देता येणार नाही. दोन्ही कायद्यांची सांगड घालणे हे संसदेचे काम आहे, आणि ते लांबणीवर पडले आहे.

अशा घरांत एक प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर विचारला जातो : आमच्यामागे याचे कोण ? साठीच्या आईने तिशीच्या मुलाला आंघोळ घालावी, तो घाबरून हात उगारील तेव्हा त्याला आवरावे, आणि स्वतःचे दुखणे अंगावर काढावे, असा संसार हजारो घरांत चालू आहे. यावर पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : आपल्याकडे कुटुंब आहे, भाऊबहीण पाहतील. भावंडांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आज घरे लहान झाली आहेत, भाऊ परगावी नोकरीला, बहीण सासरी. आणि ज्या बहिणीचे लग्नच या भावामुळे अडले तिला न विचारता तिच्यावर हा भार टाकणे न्याय्य नाही. दुसरे उत्तर असे की, पैसा तुटपुंजा आहे, तो लहान मुलांवर खर्चावा, म्हणजे पुढे प्रश्नच उरणार नाही. लवकर निदान व शिक्षण यांचे मोल आम्ही जाणतो. पण उत्तम शिक्षण मिळालेले स्वमग्न मूल मोठे झाल्यावर स्वमग्न प्रौढ होते. ते पुष्कळ अधिक स्वावलंबी असते, इतकेच. प्रश्न उरणारच नाही या आशेवर धोरण रचले तर ते ज्यांस शब्दही बोलता येत नाही त्यांच्या वाट्यास उपेक्षा आणते.

मग करावे काय ? आमचा कल मोठमोठ्या आश्रमांकडे नाही. कॅनरांच्या वृत्तांतातील सरकारी रुग्णालये आठवावीत. चार-सहा प्रौढांची लहान घरे, वस्तीतच, ओळखीच्या किराणा दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि तेथे शिकविलेला व योग्य पगार मिळणारा सेवकवर्ग, हे आम्हांस इष्ट वाटते. राष्ट्रीय न्यासाने 'घरौंदा' या नावाने प्रौढांच्या निवासाची योजना आखली आहे. पण देशाच्या गरजेच्या मानाने अशी घरे अत्यल्प आहेत. अशा घरात मुलाने आईबाप हयात असतानाच राहू लागावे, हा मुद्दा आम्ही आग्रहाने मांडतो. आरंभी आठवड्यातून एक रात्र, मग दोन. ज्या माणसाला दैनंदिन क्रमातला लहानसा बदलही हादरवितो, त्याला आईचा मृत्यू आणि घराचा त्याग या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सोसावयास लावणे क्रूरपणाचे आहे.

कामाविषयीही असेच. संगणकाच्या कंपन्या आपल्याकडे काही स्वमग्न तरुणांस घेतात ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु प्रत्येक स्वमग्न मनुष्य गणिती असतो हा चित्रपटांनी पसरविलेला समज त्यागावयास हवा. त्यांच्यातही हुशार, मध्यम व मंद, कष्टाळू व आळशी अशी सर्व प्रकारची माणसे आहेत. काम शोधताना नाद पाहावा. ही पुस्तिका ज्या वाचनालयात आपण वाचीत असाल, त्याचेच उदाहरण घ्या. शांत जागा, ठरलेल्या वेळा, क्रमांकाने लावलेली पुस्तके, आणि प्रत्येक परत आलेल्या पुस्तकाची एकच नेमकी जागा. क्रमाची आवड असलेल्या मनुष्यास याहून अनुकूल कचेरी क्वचितच मिळेल. गावच्या ग्रंथपालाने अशा एका प्रौढास सकाळचे दोन तास पुस्तके लावण्याचे काम दिले, त्याचे पैसे दिले, आणि पंख्याची घरघर असह्य होते म्हणून त्याला कोपऱ्यातली जागा नेमून दिली, तर त्याला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

या विषयात आजवर डॉक्टर बोलले, पालक बोलले. स्वमग्न माणसे बोलू लागली त्याला फार काळ लोटलेला नाही. जिम सिंक्लेअर या अमेरिकन स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत पालकांस उद्देशून सांगितले की, आमच्याबद्दल शोक करू नका. जे मूल तुम्ही मनात कल्पिले होते ते आले नाही याचे दुःख असेल तर ते बाजूला ठेवून जे आले आहे त्याच्याकडे पाहा. पालकांस हे ऐकणे जड जाते, आणि ज्या आईने दहा वर्षे पुरती झोप घेतलेली नाही तिला ते सुनावण्याचा अधिकार परक्यास नाही. तरीही जागृती आणि स्वीकार यांतील अंतर येथे नेमके कळते. रेल्वेच्या डब्यात डोलत बसलेल्या तरुणाला पाहून हा स्वमग्न असावा हे ओळखणे ही जागृती. त्याला डोलू द्यावे, त्याच्या आईकडे टक लावून पाहू नये आणि शेजारची जागा सोडून उठून जाऊ नये, हा स्वीकार.

पालकांनी आजच करण्याजोगे एक काम आहे, व त्याला पैसा लागत नाही. एक वही घालावी. तीत मुलाच्या दिवसाचा क्रम लिहावा. तो काय खातो, कशास भितो, कोणत्या औषधाने त्याला पुरळ येते, पोट दुखले तर ते तो कसे दाखवितो, चिडला म्हणजे कशाने शांत होतो, कोणाच्या घरी आनंदाने जातो. दिव्यांगत्वाचा दाखला, स्थानिक समितीचा हुकूम, विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती तीत चिकटवाव्यात, आणि तिची एकेक प्रत भावंडांपाशी व विश्वासाच्या शेजाऱ्यापाशी ठेवावी. वही लिहिताना मुलाला जवळ बसवावे आणि विचारावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे चित्रे ठेवावीत, दोन सदरे ठेवावेत, दोन खोल्या दाखवाव्यात, आणि त्याने ज्याकडे हात नेला ते लिहून घ्यावे.